मुलींना खो-खो शिकवायला घेऊ का? प्रशिक्षक होण्याबद्दल अनुभवी लोकांचं मत हवंय

सह्यकन्या

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असते, पतसंस्थेत नोकरीला आहे. शाळा-कॉलेजात खो-खो खेळले, राज्य स्पर्धेपर्यंत पोचले, लग्नानंतर मैदान सुटलं. आता इथल्या मुलींच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारलंय, संध्याकाळी मुलींचा सराव घ्याल का म्हणून. शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून मुलींनी बाईंच्या मागे धोशा लावलाय.

मला मनापासून करायचंय. पण आपल्याला खेळता आलं म्हणून शिकवता येईलच का? काही कोर्स करावा लागतो का? नोकरी आणि घर सांभाळून हे किती झेपतं?

आणि एक. सासूबाईंनी विचारलं, "यातून तुला काय मिळणार?" टोमणा म्हणून नाही, खरंच विचारलं त्यांनी. मलाही त्याचं खरं उत्तर हवंय. जे स्वतः मैदानावर उभे राहतात त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

अनवाणी

घ्या ताई, नक्की घ्या! आमच्या गावात शाळेच्या मैदानावर आता मंडपवाल्यांचे बांबू पडलेले असतात. शिकवणारं माणूस मिळालं की मैदान आपोआप जिवंत होतं. वाचतोय.

पीटीसर

ताई, आधी अभिनंदन. माझी सगळी नोकरी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तोही स्टेट बँकेकडून. पण शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून सचिन, कांबळी, प्रवीण आमरे, आगरकर तयार झाले आणि १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. उलट चांगला खेळाडू शिकवायला उभा राहिला की बऱ्याचदा अडतो. त्याला जे आपसूक जमलं, ते समोरच्या पोराला का जमत नाही हेच त्याच्या लक्षात येत नाही. तुम्ही राज्य खेळलात, तेव्हा ही अडचण तुम्हालाही येणार हे धरून चाला.

खो देण्याचंच घ्या. नवी मुलगी पळणारीच्या मागे सुसाट सुटते, बसलेल्या मुलीपाशी पोचते आणि पुढे निघून जाते. मग खो उशिरा पडतो, पंचांची शिट्टी वाजते. आपण बाहेरून ओरडतो, "अगं लवकर दे!" ती आणखी घाई करते, आणखी चुकते. तिच्या हाताकडे न बघता पायांकडे बघा. शेवटची दोन पावलं लांब पडतात, म्हणून वेग आवरत नाही. तिला एवढंच सांगा, "शेवटची दोन पावलं बारीक टाक आणि कमरेत वाक." तीन-चार वेळा करून घेतलं की हात बरोबर पाठीवर पडतो आणि "खो" शब्दही त्याच क्षणी निघतो. बसलेल्या मुलीच्या टाचांवर नजर ठेवा. खो मिळायच्या आधीच टाच उचलली गेली, म्हणजे ती उठायला निघालीच, फाऊल ठरलेला.

हे बघायची नजर पुस्तकातून येत नाही. म्हणून माझा सल्ला असा: स्वतंत्र तुकडी घेण्याआधी एक हंगाम कुणातरी जुन्या मार्गदर्शकाच्या हाताखाली उभ्या राहा. सांगली-कुपवाड-इस्लामपूर पट्ट्यात खो-खो मुरलेला आहे, शोधायला लांब जावं लागणार नाही. शनिवार-रविवार जा, शंकू मांडा, वेळ लावा, मुलींना रांगेत उभं करा आणि सर कुणाला काय सांगतात ते ऐका. ते कुणाला काय सांगत नाहीत, तेही ध्यानात ठेवा. एका वेळी एकच दुरुस्ती सांगायची, हे मी तसंच एका सरांकडून उचललं.

सह्यकन्या

पीटीसर, खूप खूप धन्यवाद. पायांकडे बघायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आमचे सर फक्त "लवकर" म्हणायचे. एक हंगाम हाताखाली उभं राहायचं हे पटलं. कोर्सचं कुणी सांगेल का?

निळासागर

मी सांगतो. मी मैदानी खेळांचा कोच आहे, पतियाळाला डिप्लोमा केलाय.

नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, सगळे एनआयएस म्हणतात. १९६१ साली पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात सुरू झाली. तिथला कोचिंगचा डिप्लोमा वर्षभराचा, तिथे राहून करायचा. पदवी लागते आणि खेळातली कामगिरीही बघतात. तुम्हाला पुढेमागे भारतीय क्रीडा प्राधिकरणात किंवा राज्याच्या क्रीडा खात्यात मार्गदर्शक म्हणून जायचं असेल, तर या कागदाला वजन आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. रजा साठवून तो करता येतो. कोणत्या वर्षी कोणता खेळ त्यात आहे ते जाहिरात निघाली की बघायचं.

पण शाळेत संध्याकाळी सराव घ्यायला आधी पतियाळाला जाऊन यायला हवं असं अजिबात नाही. तुमच्या बाबतीत मी राज्य संघटनेची पंच परीक्षा पहिली देईन. तुम्ही खेळायचात तेव्हापासून नियमांत बदल झालेत. नियम पंचाच्या बाजूने वाचला की सरावात काय कमी पडतंय ते लगेच कळतं, शिवाय जिल्ह्यातल्या स्पर्धांना तुम्ही पंच म्हणून गेलात की पाच-पन्नास संघ बघून होतात.

बाकी खेळांत हल्ली पायऱ्या ठरलेल्या आहेत. फुटबॉलला महासंघाचे लायसन्स कोर्स असतात, खालच्या पायरीपासून चढत जायचं. क्रिकेटला बीसीसीआयच्या लेव्हल आहेत. देशी खेळांत अजून बरंचसं ज्ञान माणसाकडून माणसाकडे जातं, म्हणून पीटीसरांच्या सल्ल्याला माझं जोरदार अनुमोदन.

पतियाळात मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वर्षाचं नियोजन. आधी मी रोज सकाळी उठून "आज काय घ्यायचं" असा विचार करायचो. आता स्पर्धेच्या तारखेपासून उलटं मोजत येतो. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांचे संघ वेगवेगळे. तेव्हा तुमची पायाभरणी उन्हाळी सुट्टीत आणि जूनमध्ये व्हायला हवी. ऑगस्टमध्ये दमसास वाढवायला घेतला तर मुली स्पर्धेत थकलेल्याच उतरतात. त्या वेळी फक्त धार लावायची असते.

वऱ्हाडी_पाऊल

निळासागर यांच्यात थोडी भर. लोक बीपीएड आणि कोचिंग डिप्लोमा यांची गल्लत करतात. शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं असेल तर बीपीएड. एका खेळात खोल उतरायचं असेल तर कोचिंगचा अभ्यासक्रम. आमच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. तिथे आजही बाहेरगावची पोरं राहून बीपीएड करतात. मी तिथलाच. तिथे पहिल्या आठवड्यात जे शिकलो ते अजून पाळतो: शिट्टी कमी वाजवायची. सारखी वाजली की मुलांना ती ऐकूच येत नाही.

दोन_लेकींची_आई

मी पालक म्हणून लिहितेय, राग मानू नका कुणी. माझी मोठी मुलगी नववीत आहे, व्हॉलीबॉल खेळते. तिच्या कोचनी पहिल्याच पालकसभेत दहावीच्या वाढीव क्रीडागुणांचं आणि नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाचं सांगितलं. आम्ही खूश झालो. पण त्यानंतर घरात प्रत्येक सामन्याच्या आधी गुणांचीच चर्चा. मुलगी इतकी धास्तावली की सर्व्हिस करताना हात थरथरायचा.

ताई, तुम्ही शिकवायला घ्याल तेव्हा पालकांना हे सांगा, पण सगळ्यात शेवटी सांगा. आधी आमच्या मुलीला तिथे काय येत नव्हतं आणि आता काय येतंय ते सांगा. महिन्यातून एकदा दोन वाक्यं जरी सांगितलीत तरी आम्हाला पुरेल. "तुमची मुलगी आता पडली तर रडत नाही, उठून परत रांगेत उभी राहते" असं आम्हाला कोणी सांगितलं असतं ना, तर आम्ही गुणांचं बोललोच नसतो.

पीटीसर

दोन_लेकींची_आई, अगदी बरोबर. गुणांची आणि आरक्षणाची सवलत चांगली आहे, गरिबाच्या पोराला त्याचा खरा आधार होतो, पण ती ठराविक पातळीवर खेळल्यावर मिळते. तालुक्याच्या संघातल्या बारा मुलींपैकी फार थोड्या तिथवर जातात. कोचनं त्याचं आमिष दाखवून मुली जमवल्या, तर उरलेल्या मुलींना त्यानं काय दिलं?

भौतिकोपचार

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडू मुलीच जास्त येतात माझ्याकडे. ताई, तुम्ही स्वतः बाई आहात, त्यामुळे मोकळं लिहिते.

पहिलं, रक्ताचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या तुकडीतल्या निम्म्याहून जास्त मुली "आळशी" वाटतील आणि त्या आळशी नसतील. सराव सुरू करायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, वर लिंबू पिळून खायला सांगा. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तशा गोळ्या.

दुसरं, गुडघे. १० ते १५ वयात उंची झपाट्यानं वाढते, तेव्हा वाटीच्या खाली हाडाला दुखरा उंचवटा येतो. खो-खोत सारखं उठ-बस आणि एकदम दिशा बदलणं, त्यामुळे हे हमखास दिसणार. अशा मुलीला "सहन कर" म्हणू नका. उड्या आणि उठ-बस कमी करा, तेवढे दिवस तिला हाताचं काम द्या, दुखणं राहिलं तर दाखवा. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्यात हाडं बांधून ठेवणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट, फाटायचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. फुटबॉलसाठी तयार केलेला 'फिफा ११+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. तो खो-खोलाही चालतो. मुलगी उडीवरून खाली येताना समोरून बघा. दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकले तर तिथे काम आहे.

तिसरं, पाळी. तुम्ही मैदानावर असणं हाच यातला सगळ्यात मोठा फायदा. पुरुष सरांना मुली सांगत नाहीत, नुसत्या गैरहजर राहतात. शाळेत स्वच्छतागृहाला कडी आहे का आणि पाणी येतं का, हे सराव सुरू व्हायच्या आधी बघून घ्या. एखादीची पाळी तीन-चार महिने आलीच नाही तर ते सराव आणि खाणं यांचं गणित बिघडल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरकडे पाठवा.

सह्यकन्या

हे सगळं वहीत उतरवून घेतेय. कडीचं आजच बाईंशी बोलले. पाणी आहे, कडी नाही. बसवतो म्हणाल्या.

स्पष्ट_बोलतो

सगळे कौतुक करताहेत म्हणून एक वेगळं मत मांडतो. ताई, मोफत करू नका. मी जिल्ह्याच्या ठिकाणी बॅडमिंटन शिकवतो, हेच माझं पोट आहे. गावातलं कुणी हौशीनं फुकट शिकवायला लागलं की शाळांना सवय लागते. मग ती रिकामी जागा भरायला कुणी मागणीच करत नाही. आणि फुकटच्या गोष्टीला पालक वेळेवर मुलं पाठवत नाहीत हा माझा अनुभव. संस्थेकडून थोडं का होईना मानधन लेखी ठरवून घ्या, वर्षाचा साहित्याचा खर्च कोण करणार तेही लिहून घ्या.

अनवाणी

स्पष्ट_बोलतो, तालुक्याच्या गावात मुलींकडून फी कोण देणार? ऊसतोड कामगारांच्या पोरी असतात शाळेत.

स्पष्ट_बोलतो

मुलींकडून घ्या असं म्हटलंच नाही मी. संस्था, माजी विद्यार्थिनी, गावातली पतसंस्था, कारखाना यांच्याकडून घ्या. ताई तर स्वतःच पतसंस्थेत आहेत. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेच्या केंद्रांमध्येही माजी खेळाडूला प्रशिक्षक नेमून मानधन देण्याची सोय आहे, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. शिकवणाऱ्याच्या वेळेला किंमत आहे हे मुलींनाही दिसलं पाहिजे. उद्या त्यातली एखादी कोच व्हायचं म्हणाली तर तिच्या घरचे "त्यात काय मिळतं" असं विचारणार नाहीत.

निळासागर

या मुद्द्याला +१. मीही पहिली काही वर्षं फुकट शिकवलं आणि शेवटी घरभाड्यासाठी दुसरी नोकरी धरावी लागली. त्यात नुकसान मुलांचंच झालं.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे मुलांच्या हौशी लीगमध्ये बहुतेक कोच हे पालकच असतात, बिनपगारी. मी मुलाच्या सॉकर संघाला शिकवतो. आयुष्यात कधी फुटबॉल खेळलो नव्हतो, दादरला गल्ली क्रिकेट तेवढं. पण मैदानावर पाय ठेवण्याआधी आमची पार्श्वभूमी तपासतात. मुलांशी वागायचे नियम आणि डोक्याला मार लागला तर काय करायचं, याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. दहा आणि त्याहून कमी वयाच्या मुलांना डोक्यानं चेंडू मारायला इथल्या महासंघानं २०१५ मध्ये बंदी केली. आमच्या लीगमध्ये प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवायचाच असाही नियम आहे.

त्या शेवटच्या नियमामुळे मी कोच झालो असं म्हणेन. जिंकायचं असेल तर कच्च्या मुलालाही तयार करावंच लागतं, त्याला बाकावर बसवून चालत नाही. आपल्याकडे असा नियम नसला तरी सरावात पाळता येईल. सह्यकन्याताई, तुमच्याकडे खो-खोत बाराजणी संघात आणि नऊजणी मैदानात असतात ना? उरलेल्या तिघींचं काय करता हे मला जाणून घ्यायला आवडेल.

आणि मुलांच्या सुरक्षिततेचं इथल्यासारखंच तिथेही ठरवून घ्या. एकट्या मुलीबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, बाहेरगावी जाताना दोन मोठी माणसं हवीत, पालकांची लेखी संमती हवी.

पीटीसर

एडिसनकर, चांगला मुद्दा काढलात. भारतात २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलाबाबत लैंगिक गुन्हा झाल्याचं समजलं तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येक माणसावर बंधनकारक आहे, कोचवरही. "शाळेचं नाव जाईल" म्हणून दाबून ठेवता येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मैदानाच्या भिंतीवर रंगवून ठेवा. मुलींना कुणाकडे बोलायचं ते आधीपासून माहीत असू दे.

चढाई

उशिरा वाचला धागा. मी नाशिकची, मुलींना कबड्डी शिकवते, आता केस पिकले त्यात. ताई, तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे अजून कुणी नीट वळलंच नाही, म्हणून लिहिते.

आमच्या नाशिकच्या शैलजा जैन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या इराणच्या महिला कबड्डी संघाच्या कोच झाल्या. भाषा वेगळी, देश वेगळा, मुली हिजाब बांधून खेळणाऱ्या. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच संघानं अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवून सुवर्ण घेतलं. भारत हरला याचं वाईट वाटलं, पण नाशिकच्या मैदानावर कमावलेली विद्या तेहरानच्या मुलींना उपयोगी पडली याचा मला फार अभिमान वाटला. तसंच नेमबाजीतल्या दीपाली देशपांडे मॅडमचं. स्वतः २००४ ला अथेन्स ऑलिम्पिकला जाऊन आल्या, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं. खेळाडूचं वय संपतं, कोचचं तिथून पुढे सुरू होतं. हा पहिला फायदा.

पण तुमची-माझी गोष्ट एवढी मोठी असायची गरज नाही. मला काय मिळालं ते सांगते.

कबड्डीत चढाईला गेलेल्या मुलीनं "कबड्डी कबड्डी" स्पष्ट आणि एका दमात म्हणायचं असतं, पंचांना ऐकू आलं पाहिजे. माझ्याकडे एक मुलगी होती, चपळ, पाय इतके हलके की कोपरा रक्षकाला कळायच्या आत बोनसचा गुण घेऊन परत. पण आवाजच फुटायचा नाही. घरी मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती तिला. पंच दर वेळी दम तोडला म्हणून बाद द्यायचे. मी तिला मैदानाच्या एका टोकाला उभी करायची आणि स्वतः दुसऱ्या टोकाच्या भिंतीपाशी थांबायची. मला ऐकू आलं तर हात वर करीन, नाही आलं तर परत. चिडायचं नाही, समजावायचं नाही, फक्त हात वर किंवा खाली. हळूहळू आवाज यायला लागला. पुढच्या हंगामात ती आमची पहिली चढाईपटू होती. त्याच वर्षी जिल्हा स्पर्धेहून येताना एसटीत कंडक्टरनं पासावरून अडवलं, तेव्हा मी बॅगा मोजत मागे होते. पुढे जाऊन बघते तर हीच पोरगी सगळ्या संघाच्या वतीनं त्याच्याशी बोलत होती, न अडखळता, न उद्धटपणे.

मी शिकवायला लागायच्या आधी ऑफिसात मीही गप्प बसायची, ताई. मुलींना मोठ्यानं बोलायला लावायचं तर आपल्याला आधी बोलावं लागतं. वीस मुलींसमोर थोडक्यात आणि नेमकं सांगायची सवय लागली की साहेबांसमोर बोलायला काहीच वाटत नाही. रागावर ताबा आला. कारण रागावून सांगितलेलं मुलगी विसरते, तिला तुमचा चेहरा तेवढा आठवतो. घड्याळ पाळायला लागले. रोज तासभर उभी राहते, पळते, त्यामुळे माझ्या वयाच्या मैत्रिणींना जी गुडघ्यांची तक्रार आहे ती मला नाही.

आणि सगळ्यात मोठं तुमच्या गावात होईल ते वेगळंच. मैदानावर बाई उभी आहे म्हटल्यावर घरचे मुलीला सात वाजेपर्यंत थांबू देतात. बाहेरगावी पाठवतात. ज्या मुलीला पाचलाच घरी बोलवायचे ती मुक्कामाच्या स्पर्धेला जाते. मी हे माझ्या डोळ्यांनी एका वस्तीत बदलताना पाहिलं. तिथे आता मुलींचे दोन संघ आहेत आणि त्यातल्या एकाला माझीच जुनी खेळाडू शिकवते.

सासूबाईंना एकदा संध्याकाळी मैदानावर घेऊन या. माझ्या सासूबाई आल्या होत्या, मग त्याच मुलींना लिंबू सरबत करून द्यायला लागल्या.

भौतिकोपचार

चढाई, किती सुंदर लिहिलंत. भिंतीचा प्रयोग माझ्या एका पेशंटच्या कोचना सांगते.

दोन_लेकींची_आई

सात वाजेपर्यंत थांबू देण्याचं अगदी खरं आहे. आमच्याकडे मुलीच्या आजोबांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "शिकवायला बाई आहेत का सर?"

सह्यकन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचला हा धागा, एकदा घरी मोठ्यानं. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग शनिवारी मी स्वयंपाक बघते."

ठरवलंय ते असं. शेजारच्या गावातल्या मंडळाच्या सरांना फोन केला, ते म्हणाले येत जा. मार्चपर्यंत शनिवार-रविवार त्यांच्याकडे मदतनीस म्हणून उभी राहणार. पंच परीक्षेची चौकशी केली आहे. शाळेची तुकडी परीक्षा संपल्यावर, उन्हाळी सुट्टीत सुरू करू, १४ वर्षांखालच्या मुलींपासून. हिमोग्लोबिनची तपासणी त्याआधी. मानधनाचं बाईंशी बोलायला जड जात होतं, पण स्पष्ट_बोलतो यांचा मुद्दा पटला. संस्थेच्या सचिवांना पत्र दिलंय, साहित्याच्या खर्चासह.

एडिसनकर, उरलेल्या तिघींचं विचारलंत. आमच्या वेळी त्या बाटल्या भरायच्या. मी सरावात रोज तिघी बदलणार आणि बाहेर असतील त्यांना पंच करणार. एकीनं वेळ लावायची, एकीनं फाऊल धरायचे, एकीनं गुण लिहायचे. नियम त्यांनाच आधी पाठ होतील.

आता मैदानाचं. शाळेचं मैदान कडक मुरमाचं आहे, खडे आहेत. राज्य स्पर्धा हल्ली मॅटवर होतात असं ऐकलं. मुलींना बूट घालून शिकवू की अनवाणी? आणि खांब कुठले आणू?

पीटीसर

मुरमावर सूर मारायला शिकवू नका, कोपरं-गुडघे सोलून निघतील आणि मुली घाबरतील. आधी सगळ्या मुलींनी एका रांगेत चालत खडे वेचायचे, रोज पाच मिनिटं, हाच वॉर्मअप. ट्रॉलीभर काळी माती आणि थोडी बारीक वाळू मिसळून निदान दोन्ही खांबांच्या आसपास पसरून घ्या. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, सकाळी रोलर फिरवा. रोलर नसेल तर ग्रामपंचायतीकडे मागा. सूर शिकवताना सुरुवातीला गवतावर किंवा शाळेच्या जुन्या गाद्यांवर, गुडघ्यांवर बसूनच पुढे झेपावायचं, छाती आधी टेकवायची.

बुटांचं असं करा: खडे निघेपर्यंत बूट. पण मातीवर अनवाणी आणि मॅटवर बूट यांत पावलांची पकड वेगळी बसते. विभागाला जायची वेळ आली तर त्याआधी जिल्हा संकुलात जाऊन दोन-तीन वेळा मॅटवर सराव करून घ्या.

अनवाणी

खांबांची काळजी करू नका ताई. आमच्या मंडळाने नवे घेतले तेव्हाचे जुने सागवानी खांब पडून आहेत, जमिनीपासून १२० सेंमीच्या वर भरतात, वरची कड गोल केलेली आहे, पॉलिश कागद मारून घ्यावा लागेल तेवढा. मी इस्लामपूरलाच असतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टेम्पोतून पाठवून देतो.

सह्यकन्या

व्यनि केलाय!